ओल्टमनबाईंचा डॉक्टर

हानोव्हरच्या डोरेटे ओल्टमनबाईंना एकच सल होता. नवरा गेल्यापासून त्या विद्यार्थ्यांना खोल्या देत होत्या, पण त्यांच्या घरातून एकही डॉक्टर निघाला नव्हता. निघणार कुठून? विद्यार्थी सगळे तंत्रविद्यालयाचे. पूल बांधतील, इंजिनं पळवतील, पण प्रबंधावर डॉक्टर ही पदवी द्यायचा मान फक्त जुन्या विद्यापीठांचा.

त्यात सख्खी बहीण हेनी राहायची ग्योटिंगेनला, थेट विद्यापीठाच्या दारात. खोल्या तीही द्यायची, पण तिचा तोरा विचारू नका! दर ईस्टरला यायची आणि केक चघळत म्हणायची, "डोरेटे, यंदा आणखी एक डॉक्टर गेला हो माझ्याकडून. तुझे लोहार काय म्हणतात?"

मग कैसरनं हुकूम काढला की तंत्रविद्यालयांनाही डॉक्टर करता येईल. त्या दिवशी बाईंनी सगळ्या पोरांना कॉफी पाजली, तीही चिकोरी न मिसळता!

वरच्या खोलीतला आन्सगार लूडर्स लोखंडी तुळयांवर प्रबंध लिहायला बसला. पोरगा हुशार, पण धीराचा कच्चा. बाई रोज सकाळी त्याच्या दारावर थाप मारायच्या, "उठा, डॉक्टरसाहेब!"

"बाई, अजून झालो नाही!" तो आतून ओरडायचा.

"व्हाल हो!"

आणि एक दिवस प्रयोगशाळेत त्याची तुळई नको तिथेच मोडली. सगळा हिशोब पाण्यात. घरी येऊन तो ट्रंक भरायला लागला. "कारखान्यात नोकरी मिळतेय, बाई. उद्या निघतो. हे माझ्याच्यानं होणार नाही."

बाईंच्या डोळ्यांसमोर हेनीचा चेहरा आला, खोटं कशाला बोलायचं? पण त्याहून हा पोरगा जन्मभर मनात कुढत बसेल, हे त्यांना सोसवेना. माया होती त्यांची त्याच्यावर. भाडेकरूंनी दाराबाहेर काढलेले बूट पॉलिशला न्यायची त्या घराची रीतच होती. त्या रात्री बाईंनी आन्सगारचे दोन्ही जोड नेले आणि परत ठेवलेच नाहीत.

"बाई, माझे बूट?"

"पॉलिश चाललंय."

"आणि दुसरे?"

"त्यांचंही चाललंय."

"अहो, माझी गाडी चुकेल!"

"चुकू दे. मोज्यांवर जाणार का स्टेशनात? बसा तिथे, आणि ती मेली तुळई का मोडली ते शोधा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्हाला कळतं."

तो चिडला, पाय आपटले. मोज्यांतल्या पायांचा आवाज तो काय होणार! शेवटी त्यालाच हसू फुटलं, आणि तो टेबलाशी बसला. पुढे विद्यालयात जाण्यापुरते बूट मिळायचे आणि घरी आला की पुन्हा जप्त. असं करत तुळईचं कोडं सुटलं आणि प्रबंधही पुरा झाला.

परीक्षेच्या दिवशी हेनी मुद्दाम आली. "बघू तरी लोहारांचा डॉक्टर कसा दिसतो!" केक कापून ठेवला होता, पण बाई सारख्या खिडकीशी जाऊन रस्ता बघत होत्या.

"नापास झाला तर मी काही बोलणार नाही हो," हेनी म्हणाली. म्हणजे बोलणारच.

इतक्यात आन्सगार दारात उभा राहिला.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालो, बाई."

बाईंनी एप्रननं डोळे पुसले. "बसा, डॉक्टरसाहेब. केक घ्या."

तो बसला नाही. टेबलाशी आला, मूठ वळली आणि लाकडावर टकटक करू लागला. प्राध्यापकाचं व्याख्यान आवडलं की पोरं बाकांवर करतात तशी. कपबशा नाचायला लागल्या.

"अहो, हे काय! हे मोठ्या माणसांसाठी असतं," बाई पुटपुटल्या.

"माहीत आहे मला," तो म्हणाला, पण थांबला नाही.

हेनी काटा हातात धरून बघत राहिली. तोरा कुठल्या कुठे गेला होता. "इतके डॉक्टर गेले माझ्या घरातून," ती हळूच म्हणाली, "एकानं मागे वळून पाहिलं नाही गं, डोरेटे."

मग तिनं काटा खाली ठेवला, आणि तीही बहिणीसाठी टेबलावर टकटक करू लागली.