साकवासाठी पिणारा माणूस

बारकूकाका बाटलीचं झाकण उघडण्याआधी लेबल वाचायचे. वाचता येत नसल्यामुळे ते मला वाचायला लावायचे. मी तलासरीच्या बाजूच्या एका लहानशा ग्रामपंचायतीचा ग्रामसेवक. दर शनिवारी काका दुकानातून देशीची क्वार्टर घेऊन सरळ कार्यालयात येत, ती माझ्या टेबलावर ठेवत आणि विचारत, “भाऊसाहेब, महाराष्ट्राचीच हाय ना?” मी ‘फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी’ एवढं मोठ्याने वाचलं की त्यांचा जीव भांड्यात पडे. दाखल्यासाठी आलेली माणसं तेव्हा माझ्याकडे कसं बघत, ते सांगायला नको.

पाप माझंच होतं. २०१४ साली मी तिथे नवाच बदलून आलो होतो. काकांच्या पाड्याला जायचं तर मध्ये ओढा. पावसाळ्यात पाडा चार-चार दिवस तुटायचा. आजारी माणसाला झोळीत घालून कमरेएवढ्या पाण्यातून काढायचे. तिथे साकव हवा होता, म्हणजे ओढ्यात पाइप टाकून वर स्लॅब, बस. ग्रामसभेत काका त्यासाठी तावातावाने बोलत होते आणि तोंडाला ताडीचा वास येत होता. मी वैतागून म्हणालो, “काका, तुम्ही घरच्या झाडाची फुकटची ताडी पिता. सरकारला काय मिळतं त्यातून? लोक दुकानातली घेतात, तिच्यावर कर भरतात, तेव्हा कुठे पूल होतात.” सभा हसली. काका हसले नाहीत. ते खाली बसून विचार करू लागले.

त्या दिवसापासून काकांनी ताडी सोडली आणि कर लागलेली दारू धरली. पानात तंबाखू गुंडाळून ओढायची जन्माची सवय होती, तीही मोडली. बंडलाची बिडी आली. “पानाच्या बिडीचा धूर होतो, पूल नाय होत,” असं ते सांगत. त्यांची बायको जमनाबाई कपाळावर हात मारून घ्यायची. पण काका मजेसाठी पीत नव्हते. क्वार्टर घशाखाली उतरताना त्यांचा चेहरा कडू काढा घेतल्यासारखा होई.

आमच्या भागात दमणची दारू चोरून येते. तिकडे कर कमी, त्यामुळे स्वस्त. एका लग्नात भाच्याने आग्रहाने तीच पुढे केली. काकांनी पेला खाली ठेवला. “दमणची प्यालो तर पूल दमणला होईल. मग इकडचा ओढा काय तुझा बाप बांधेल?” भाच्याचा बाप शेजारीच जेवत होता. त्याने निमूटपणे आपलाही पेला बाजूला सरकवला.

पुढच्या सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत काका रिकाम्या बाटल्यांचं पोतं घेऊन आले. “ह्या पावत्या,” म्हणाले. मला अर्ज लिहायला लावला. ‘अर्जदार नियमित पिणारा असून’ ही ओळ त्यांची आहे. मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. अर्ज पोत्यासकट वरच्या कचेरीत गेला. महिन्याभराने उत्तर आलं: ‘जोडपत्रे परत न्यावीत.’ काका खूश झाले. नकार दिला नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं.

मग डहाणूच्या डॉक्टरांनी लिव्हर खराब झाल्याचं सांगितलं; जन्मभराच्या ताडीवर ही दारू चढली होती. थेंबही चालणार नव्हता. काका माझ्यासमोर येऊन बसले. स्वतःच्या जिवाबद्दल एक शब्द नाही. “भाऊसाहेब, मी सोडली तर साकव अडेल. अर्ज माझ्या नावाचा हाय.”

मला भयंकर लाज वाटली. मी हात जोडून खरं ते सांगितलं, की सगळा कर मुंबईच्या एकाच तिजोरीत जातो, आणि कोणाचा पैसा कुठे लागतो ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. काकांनी शांतपणे ऐकलं. “जातो ना पण? मग झालं.”

पुढच्या शनिवारी ते नेहमीसारखे लेबल वाचून घेऊन गेले. मी घाबरून मागोमाग गेलो. काका ओढ्याच्या काठी उकिडवे बसले होते आणि सगळी बाटली पाण्यात ओतत होते. “टॅक्स सरकारला, माल ओढ्याला,” म्हणाले. “डॉक्टर पण खूश.” तेव्हापासून दर शनिवारी हेच चालू झालं. बिडीचं बंडलही ते आणत, आणि जमनाबाई ते न फोडता चुलीत घाली. त्या घरात नवरा-बायकोचं एवढं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं.

पण सोडायला उशीर झाला होता. त्या उन्हाळ्यात काका गेले. जाण्याच्या आदल्या दिवशीही त्यांनी मला निरोप पाठवला होता, अर्जाचं काय झालं म्हणून.

साकव दुसऱ्या वर्षी झाला. पैसा कुठल्या निधीतून आला ते मला ठाऊक आहे, आणि दारूच्या कराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. काम संपल्यावर जमनाबाई बघायला आली. ओढ्यात तीन सिमेंटचे पाइप, वर ओला स्लॅब. तिने विचारलं, “भाऊसाहेब, ह्यात आमच्या म्हाताऱ्याचं काय?”

खरं बोलून एकदा पाहिलं होतं. मी मधल्या पाइपाकडे बोट दाखवलं. “तो पूर्ण काकांचा.”

तिने बोटाने तिन्ही पाइप मोजले. मग म्हणाली, “एवढा प्याला, आन एकच पाइप?”

मी घाईघाईने उरलेले दोन्ही काकांच्या नावावर केले.