कासवाला सोललेले वाल

आमच्या घरातलं कासव माझ्या मुलीचं आहे. कल्याणला राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीचं कुटुंब परदेशी निघालं, तेव्हा ते कासव तिच्याकडे आलं. आफ्रिकेकडच्या जातीचं, जमिनीवर राहणारं, अजून पिल्लूच. आपल्या रानातलं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे हे मला ठाऊक होतं. म्हणून हे परदेशी असूनही, नोंदणीचे कागद मुलीच्या नावावर झाल्याशिवाय मी त्याला शहापूरच्या घरात येऊ दिलं नाही. अशा बाबतीत मी काटेकोर आहे. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये माझं अर्धं आयुष्य आवक-जावक जुळवण्यात गेलं.

मुलगी शिकायला पुण्याला गेली, तेव्हा तिनं निघताना बजावलं, "बाबा, गवत आणि पाला. दुसरं काही नाही. फळं नकोत, भात नको, कडधान्य तर अजिबात नको."

मी मान डोलावली. कासव तेव्हा माझ्या तळहातावर मावत होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन एकशे वीस ग्रॅम. पाठ जवळजवळ सपाट, त्यावर पाटीवर आखल्यासारखे चौकोन.

मागच्या अंगणातली हरळी मी धुऊन, निथळून त्याच्यापुढे ठेवू लागलो. ते सावकाश खायचं. दर रविवारी वजन करून आकडा मुलीला कळवायचा, असं मीच ठरवलं होतं. पण आकडा हलेना. आठवड्याला दोन ग्रॅम, तीन ग्रॅम, एकदा तर शून्य. मला ते बरं वाटेना. वाढत्या वयाच्या जिवाला नुसतं गवत घालायचं, म्हणजे आपण त्याला उपाशी ठेवतोय असंच माझ्या मनात येई. माझं मूळ घर मुरबाडकडचं. तिकडे भात कापला की त्याच ओलीवर वाल पेरतात, आणि पोर जरा हाडकुळं दिसलं की बिरड्याची, म्हणजे सोललेल्या वालांच्या उसळीची, वाटी त्याच्यापुढे सरकते. मी त्याच वाटीवर वाढलो. चांगलं अन्न म्हटलं की मला दुसरं काही सुचतच नाही.

एका रविवारी बायको जमिनीवर बसून वाल सोलत होती. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेकाची साल काढायची, असं ते वेळखाऊ काम. एक दाणा घरंगळला. कोपऱ्यातलं कासव उठलं आणि त्या दाण्याकडे जवळजवळ धावत आलं. इतक्या वेगानं चालताना मी त्याला पाहिलं नव्हतं. त्यानं दाणा खाल्ला आणि मान वर करून दुसऱ्याची वाट पाहिली.

मी दुसरा दिला.

"अहो, तिनं कडधान्य नको सांगितलंय," बायको म्हणाली.

"मोड आलेत याला. मोड म्हणजे पालाच की."

हे मी अगदी मनापासून म्हणालो होतो. त्यानंतर त्याच्यासाठी वेगळी मूठ भिजू लागली. त्याचे वाल मी स्वतः सोलायचो. रविवारचा आकडा उड्या मारू लागला. मुलीचा मेसेज आला, "वा बाबा! काय देतोस?" मी लिहिलं, "हरळी आणि जास्वंदीची पानं." ताटलीत ती असायचीच. ताटलीत आणखी काय असायचं, ते तिनं विचारलं नाही असं मी स्वतःला सांगितलं. पण तिनं तेच तर विचारलं होतं.

मुरबाडकडच्या वैशाखऱ्याहून माझी थोरली बहीण वाल घेऊन आली, तेव्हा मी सोलत बसलो होतो.

"काय रे, आज तू सोलतोस? कोण पावणा येतोय?"

"पाहुणा नाही. कासवाचे आहेत."

ती पिशवी खाली ठेवायची विसरली. "कासवाला बिरडं? माझ्या घरवाल्यानं मागितलं तर मी सांगते सोलायला टाइम नाय. आन् हा कासवाला सोलून घालतोय! गवत सरलं काय रे शहापुरातलं?"

"वाढतंय बघ ना. काट्यावर ठेवू?"

"ठेव, ठेव. म्हावऱ्याच्या बाजारात मासळीसंगं विकायला बरं पडंल."

बायकोसकट आम्ही तिघंही हसलो. गवताबद्दलचं तिचं बोलणं मला फार पुढे आठवलं. शहापूर आणि मुरबाड, आमच्या दोन्ही तालुक्यांतून ट्रकच्या ट्रक गवताच्या गाठी भरून मुंबईच्या तबेल्यांकडे जातात. त्याच गवताच्या मुलखात मी गवत खाणाऱ्या प्राण्याला वाल घालत होतो.

दिवाळीला मुलगी आली. पिशवी खांद्यावरून उतरवण्याआधी तिनं कासवाला उचललं, आणि तिचा अंगठा पाठीवर फिरता फिरता थांबला. सपाट चौकोनांच्या जागी टेंगळं आली होती, प्रत्येक चौकोनाची एक लहान टेकडी. मला ती दिसली नव्हती असं नाही. ते कासव मोठं होण्याचं लक्षण आहे, असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याला कल्याणला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ते उलटं धरलं, कडेला बोटानं दाबून पाहिलं. कवच किंचित दबलं. "खायला काय देता?"

"फक्त गवत आणि पानं," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात जराही शंका नव्हती.

मी टेबलाच्या कडेला हात टेकून उभा होतो. "वाल," मी म्हणालो.

"काय?"

"कडवे वाल. मोड आणून. सोलून."

डॉक्टरांना हसू आवरेना. "सोलून? साहेब, आमच्या घरी मलाही कुणी सोलून देत नाही."

मुलगी हसली नाही. मग डॉक्टरही गंभीर झाले. म्हणाले, अंग भराभर वाढलं, हाड मागं राहिलं. वालानं पोट भरलं, पण कवचाला लागतं ते कॅल्शियम त्याला मिळालं नाही. गवत, कोवळं ऊन आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेनाची पूड चालू केली तर कवच घट्ट होईल, नवी वाढही सपाट येईल. "आलेली टेंगळं मात्र जात नाहीत. ती जन्मभर राहणार."

परतताना गाडीत मुलीनं कासव मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "मी दर आठवड्याला तुझे आकडे मैत्रिणींना दाखवायचे, बाबा. सांगायचे, माझ्यापेक्षा बाबाच नीट करतोय."

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

सुट्टी संपवून ती गेली आणि खरी अडचण सुरू झाली. कासव गवताला तोंड लावेना. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, हट्ट करेल, पाणी पीत असेल तर घाबरू नका, वाल देऊ नका. ते सकाळी उठून बायको सोलायला बसते त्या जागी जायचं आणि मान वर करून थांबायचं. त्याला ती सवय मीच लावलेली. वजन उतरू लागलं. चढता आकडा खोटा निघाला होता, आता उतरता आकडा खरा मानायचा की काय, मला कळेना.

"एक दाणा द्या हो," बायको म्हणाली. "बघवत नाही."

माझ्या मुठीत तो होता. एकच दाणा, सोललेला. दिला असता तर कुणाला कळलं नसतं. पण पुन्हा तसंच करायचं, तर कल्याणला तोंड उघडून उपयोग काय झाला? मी दाणा वाटीत टाकला. वाटीतलं पाणी दिसलं आणि एक विचार आला. लगेच करून टाकायचा माझा स्वभाव, पण मी आधी मुलीला फोन लावला.

"वाल भिजवलेलं पाणी गवतावर शिंपडलं तर? नुसता वास. दाणा नाही."

"आधी विचारतोयस?"

"हो."

"थांब. डॉक्टरांना विचारून सांगते."

निरोप आला, चालेल, पण रोज कमी करत जा. मी तसंच केलं. पहिल्या दिवशी कासवानं गवत हुंगलं, तोंडात धरलं, टाकलं. मग पुन्हा धरलं. त्या चघळण्याचा बारीक कर्रकर्र आवाज बायकोनं आधी ऐकला.

आता ते गवतच खातं. फवारणीची भीती नको म्हणून ते मी बहिणीच्या बांधावरून आणतो. रविवारचा आकडा दोन-तीन ग्रॅमनं सरकतो आणि मी ताटलीचा फोटो वरून, पूर्ण दिसेल असा काढून पाठवतो. तिनं तसा मागितलेला नाही. कवचाची कड घट्ट झाली आहे. टेंगळांच्या भोवती नवी, सपाट पट्टी आली आहे. अंगठा फिरवला की कुठे वाल थांबले ते बोटाला कळतं. ही जात सत्तर वर्षं सहज जगते म्हणतात. म्हणजे मी नसेन तेव्हाही ते कळेल.

घरात बिरडं अजून होतं. बायको आता वाल ओट्याशी उभ्यानं सोलते. कासव खाली येऊन थांबतं, मान वर करून. मी त्याला उचलून गवताजवळ ठेवतो, हात धुतो आणि जेवायला बसतो. बिरडं वाढलेलं असतं. ते मी खातो, पण पाठ त्याच्याकडे करून.