ड्रायव्हरची रांग

नव्वदीच्या दशकात मी जळगावला कॉम्प्युटरचं दुकान टाकलं आणि वडिलांचा जीव टांगणीला लागला. नरडाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. पहिलं मोठं काम फसलं तर मुकाट्याने नोकरी धरायची, असं आमचं ठरलं.

ते काम शिरपूरच्या एका जिनिंगमध्ये मिळालं. भुईकाट्यावर कापसाच्या गाडीचं वजन झालं की ते तारेवरून ऑफिसात जायचं, मग तिथे पावती निघायची. पण त्याच तारेवरून हिशेबाची मोठी फाईल निघाली की वजन मागे अडकायचं. गाडी काट्यावर खोळंबलेली आणि गेटबाहेर ड्रायव्हर लोक आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करताहेत! जिनिंगचे मालक नाना म्हणाले, संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर तुझे हे कॉम्प्युटरचे डबे उचल.

दुपारी खोट सापडली. तारेवर माहिती सोडणाऱ्या प्रोग्रॅमलाही ड्रायव्हरच म्हणतात. पाठवायच्या माहितीची रांग त्याने मुळातच लांबलचक धरलेली, वेगवान तारेच्या मापाने. आमची तार बैलगाडीच्या चालीची. फाईल आधी घुसून सगळी रांग अडवायची आणि बिचारं वजन शेवटी. रांग आखूड केली की फाईलला बाहेर थांबावं लागणार आणि वजनाचा नंबर लवकर लागणार.

मी आनंदाने ओरडलो, "नाना, ड्रायव्हरची रांग फार लांब आहे! आखूड करावी लागेल!"

नाना ताडकन उठून बाहेर गेले. मी प्रोग्रॅममधला रांगेचा आकडा बदलतोय तोच परत आले.

"कर आते चालू. बठ्ठा ड्रायव्हर हाकली दिधात!"

खिडकीतून पाहिलं तर सगळे ड्रायव्हर खरंच हाकललेले, आवार मोकळं आणि गेटबाहेरही शुकशुकाट. तपासायला एक गाडी नाही! मी धावत नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर गेलो आणि ड्रायव्हर लोकांच्या अक्षरशः हातापाया पडलो. चहा संपवून सगळे एकदमच आले. मी मुद्दाम मोठी फाईल सोडली. पहिल्या गाडीचं वजन झालं आणि लगेच ऑफिसातला प्रिंटर करकरला. मला तर नाचावंसं वाटलं.

"दखं का? बठ्ठा घोळ रांगनाच व्हता!" नाना मिशीवर ताव देत म्हणाले. मीही मान डोलावली. डबे जागेवर राहत होते, मग श्रेय कुणी का घेईना.

जळगावला परतल्यावर वडिलांनी विचारलं, "केलंस तरी काय?"

"रांग आखूड केली."

 वडील म्हणाले, "उद्या नरडाण्याला कळवतो. तिथली नोकरीची रांगही एकाने आखूड होऊ दे."