एकदाही हसू आलं नाही

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — आणि सांगायला बसायच्या आधी दोनदा चहा गरम करून झाला, म्हणजे बघा.

बेंगळुरात मराठी सिनेमा कसा येतो, ठाऊक आहे ना? रविवारी सकाळी एकच खेळ. तिकिटं खपली तर पुढच्या रविवारी आणखी एक, नाहीतर गाशा गुंडाळायचा. आणि तिकिटं खपतात कशावर? आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला खेळ बघून मी जे लिहिते त्यावर. हसू नका! राजाजीनगरपासून मल्लेश्वरमपर्यंतची माणसं खरंच वाट बघतात — "अक्का, जायचं का?" मी हो म्हटलं की निघतात.

गेल्या वर्षी सुमनने लिहिलेला, तिनेच काढलेला सिनेमा आला. सुमन माझी निपाणीची मैत्रीण, शाळेत एका बाकावरची. सिनेमा आमच्याच आठवीच्या वर्गाचा — स्नेहसंमेलनातलं नाटक, रंगमंचावर शिरलेली बकरी, पडद्यामागे घोरणारे मास्तर. मी हसले. हसले म्हणजे काय, ठसका लागला! पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाण्याची बाटली दिली.

मध्यंतरानंतर मात्र... कसं सांगू? मी पडद्यावर स्वतःला शोधायला लागले. घंटा देणारा शिपाई होता, मास्तर होते, ती मेली बकरीसुद्धा होती. मी नव्हते. वर्गाला हसवणारी मी, मास्तरांच्या नकला करणारी मी — आणि अख्ख्या सिनेमात माझ्यासारखी एकही पोरगी नाही? राग आला असं म्हणू नका. जळत होते मी.

घरी येता येता मेट्रोतच ग्रुपवर लिहिलं — "आठवणींचा नुसता पसारा. विनोद ओढूनताणून आणलेला. मला एकदाही हसू आलं नाही."

एकदाही! हेच ते खोटं.

दुसरा खेळ लागलाच नाही. सुमनची आई इथेच मल्लेश्वरमला, लेकाकडे असते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ती पुढच्या रविवारी जाणार होती. हे मला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. माहीत होतं.

आणि त्या पाणी देणाऱ्या बाई? त्या ग्रुपवर असतील तर? अजून चिकपेटच्या गर्दीत मागून कुणी "अक्का" म्हटलं की छातीत धस्स होतं.

सुमनचा फोन आला तेव्हा वाटलं, आता झापणार. तर म्हणाली, "बरं झालं गं, तू तरी खरं बोललीस." मी नुसतं हं म्हटलं.

मागच्या आठवड्यात तिने नव्या सिनेमाची संहिता पाठवली. आधी तूच वाच म्हणाली. वाचली. शंभर पानं, आणि हसायची एक जागा नाही. सोबत चिठ्ठी — हसवणं मला जमत नाही हे तुझ्यामुळे कळलं, ते सगळं काढून टाकलंय.

चार वेळा खरं काय ते लिहिलं आणि चार वेळा पुसलं. शेवटी पाठवलं, "आता जमलंय."

तिने लगेच हात जोडलेला इमोजी पाठवला. पुढच्या महिन्यात शूटिंग सुरू होतंय.