आत्याचं कडवं

सख्ख्या भाचीचं लग्न, आणि आत्या साखऱ्याच्या फाट्यावर झाडाखाली बसलेली! बंजाऱ्यांचा तांडा तिथून हाकेच्या अंतरावर. मीराबाई वसमतहून दोन बस बदलून आली होती, पण आत यायची तिला मनाई होती.

तांड्यात नवरीला ढावलो शिकवावा लागतो. ढावलो म्हणजे निरोपाचं गाणं. एकेका नात्याचं नाव घेत नवरी त्या बाईच्या गळ्यात पडते आणि रडत गाते. हल्लीच्या पोरींना तो येत नाही. सगळी कडवी जाणणारी एकटी मीराबाई उरली होती, आणि मीराबाई धंदा करते.

नवरा मेल्यावर ती ऊसतोडीला गेली. तिथं मुकादमानं तिला ओरबाडलं, तेव्हा तांड्याच्या तोंडाला कुलूप होतं. मग वसमतला स्टँडमागं तिनं खोली घेतली. दार कोणाला उघडायचं हे आता मी ठरवणार, म्हणाली. मुकादमाखाली ती तांड्याला चालत होती. स्वतःच्या दारात चालेना.

म्हणून तिचा भाऊ मोहनसिंग फोनवर म्हणाला होता, "बाई, तू येऊ नको. गाणं तेवढं व्हॉट्सॲपवर पाठव. माझी दिपा ऐकून शिकंल."

आवाज चालतो, बाई चालत नाही. काय शहाणी माणसं! तरी गिऱ्हाईक परतवून, दार लावून तिनं सगळी कडवी म्हणून पाठवली. आत्याचंही पाठवलं. ते गाळायला जीभ वळेना.

तिला मानपान नको होता. पोरीनं एकदा गळ्यात पडावं, एवढंच हवं होतं. त्यासाठीच ती आली होती. नवरीची गाडी फाट्यावरून जाणार, दोन मिनिटं थांबली तरी पुष्कळ.

दुपारी भोंग्यावर दिपाचा आवाज आला. आईचं कडवं झालं, आजीचं झालं, काकूचं झालं. मीराबाई सोबत ओठ हलवत होती. मग आत्याचं आलं. दिपानं ते म्हटलं, आणि पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा. पोरगी पुढं सरकेचना. जिचं नाव घेतलं तिच्या गळ्यात पडल्याबिगर पुढचं कडवं घ्यायचं नसतं, हे मीराबाईनंच सांगून ठेवलेलं. चौथ्या खेपेला भोंगा बंद केला कोणीतरी.

मीराबाई उठली आणि तांड्याकडं चालू लागली.

मंडपाशी तांड्याच्या नायकाचा पोरगा जगन आडवा आला. "आत यायचं न्हाई. पाव्हणे हायेत. इज्जतीचा सवाल हाय."

"माझ्या खोलीत येताना ती इज्जत कुठं ठिवून येतोस, जगन? मी काम करते. लपून तू येतोस."

तिनं आवाज चढवला नव्हता, तरी जवळच्यांनी ऐकलं. जगन बाजूला झाला. मग मोहनसिंग आला आणि त्यानं हात जोडले. "बाई, पाया पडतो. पोरीचं मोडंल." भावाला ढकलून आत जायला तिचा पाय उचलला नाही.

तेवढ्यात दोघी बायांनी दिपाला दंडाला धरून गाडीत बसवलं. पोरगी मान वळवून तेच कडवं म्हणत होती. मीराबाईनं जागेवरूनच आत्यानं द्यायचं उत्तराचं कडवं गायलं, सगळ्यांदेखत, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

"झालं समाधान?" मोहनसिंगनं विचारलं.

"न्हाई," मीराबाई म्हणाली. "तुमी माझ्या गळ्यातलं गाणं घेतलं. माझ्या गळ्यात पोरगी पडू दिली न्हाई."