भाकरीचा आवाज

बाजरीची भाकरी भाजल्याचा वास आला, की कर्जतच्या घरातून नोकरी सुरू केली ते दिवस आठवतात. माझं टेबल स्वयंपाकघराला लागूनच होतं आणि सकाळभर मीटिंगा चालायच्या. एका दुपारी ताटात आलेली भाकरी कडेला चिरलेली होती, पापुद्राही सुटला नव्हता. आईला विचारलं, तर म्हणाली, "लाटन्यानं लाटली. थापली की आवाज जातो तुज्या मिटिंगमदी." दुसऱ्या दिवशी मीटिंग सुरू असताना मीच तिच्यापुढे परात ठेवली आणि म्हटलं, "थाप." आता मागचे आवाज गाळायची सोय कॉम्प्युटरातच आली आहे, पण मी ती बंद ठेवतो. परवा साहेबांनी विचारलं, "मागे टाळ्या कोण वाजवतंय?" म्हटलं, "आई."