अप्पांना इंग्रजीत दिलेलं उत्तर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला बरंचसं ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून नाही. तुम्हाला सांगतोय—आणि आत्तासुद्धा, लिहिताना, जिन्याकडे खुट्ट झालं की हात थांबतो. वरचा मजला केव्हाच रिकामा झालाय. तरी थांबतो.

मी नांदेडला एका कॉलेजात जमिनीची मोजणी शिकवतो. पोरांना पहिल्याच तासाला बजावतो—माप लिहाल तर त्यात चूक किती असू शकते तेही लिहा. आपली शंका लपवतो तो खोटारडा. आमच्या इंग्रजीच्या कुलकर्णी सरांना हे फार आवडायचं. ते म्हणायचे, इंग्रज माणूस बोलतानाही हेच करतो. भाजी खारट झाली असं सरळ म्हणत नाही. 'मला आपलं वाटतं', 'माझी चूकही होत असेल', 'मला ठाऊक आहे तेवढ्यावरून'—असं काहीतरी आधी ठेवतो, मग मत देतो. त्याचा अर्थ, हे माझ्यापुरतं. तुमचं तुम्ही ठरवा. मला ही रीत इतकी पटली की मीही तसंच बोलू लागलो. आय थिंक. इट सीम्स. ॲज फार ॲज आय नो. स्टाफरूममध्ये चेष्टा चालायची—"सर, आज वार कोणता?" "आय थिंक, मंगळवार."

आता खरं ते सांगतो. नाही—आधी वरच्या मजल्याचं सांगायला हवं.

वर एक भाडेकरू होता. तिशीतला, सरकारी नोकरी, भेटला की वाकून नमस्कार. सोबत म्हातारी आई. एका दुपारी मी जिन्याखाली चपला घालत होतो, सहज वर पाहिलं. त्यानं आईचा दंड पिरगाळला आणि तिला भिंतीवर आदळलं. ती आवाज न करता खाली बसली. मग त्याची नजर माझ्यावर पडली. नुसता बघत राहिला—आणि हसला. रस्त्यावर आल्यावर कळलं, माझ्या चपला उलट्या पायांत होत्या.

घर माझं, आणि त्या दिवसापासून घरात दबकत वावरायला लागलो मी. याला काय म्हणायचं?

मग रेणापूरहून शिवलिंगअप्पा आले. वडिलांपासूनची ओळख, किराणा दुकान, कपाळावर विभूती. त्यांच्या भाग्यश्रीसाठी नेमकं या भाडेकरूचंच स्थळ आलेलं. आपल्याकडे मुलाची चौकशी घरमालकाकडे करतात—नातेवाईक गोड बोलतात, घरमालक खरं सांगतो म्हणून. अप्पांनी चहा बशीत ओतला.

"सर, तुमी मापून बोलणारा माणूस. पोरगा कसा हाय, एवढंच सांगा. माझी पोरगी लई गरीब हाय हो."

डोक्यावर पावलं वाजत होती. तो घरीच होता. खिडकी उघडी होती. आणि माझ्या तोंडातून काय निघालं?

"आय थिंक, ही इज डिसेंट. ॲज फार ॲज आय नो."

म्हणजे मला वाटतं, सभ्य आहे; माझ्या माहितीप्रमाणे. एक शब्द मराठी नाही. स्वयंपाकघरातला बायकोच्या लाटण्याचा आवाज थांबला.

अप्पांना तेवढं इंग्रजी कळत नव्हतं, आणि हे मला ठाऊक होतं. इंग्रजांच्या देशात 'आय थिंक' ऐकून माणूस सावध होत असेल. रेणापुरात सर इंग्रजीत बोलले म्हणजे शिक्काच बसला. अप्पांनी मधला एक शब्द उचलला. "हाव. डिसेंट. झालं तर मग!" गावात सगळ्यांना तेच सांगितलं—सरांनी इंग्रजीत सांगितलं, पोरगा डिसेंट हाय.

बसस्टँडपर्यंत मी त्यांना सोडायला गेलो होतो. तिथे वरून ऐकणारा कुणी नव्हता. मग तिथे का नाही सांगितलं? तिथे मी उन्हाबद्दल बोललो.

शंका असेल तर ती सांगणं प्रामाणिकपणाचं—पण मला शंका होती कुठे? मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहिलेल्याला मी 'वाटतं' म्हणालो, आणि तेही उलटं.

लग्न झालं. भाग्यश्री नांदायला आली ती माझ्याच डोक्यावर. छतातून सगळं ऐकू यायचं. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. बायको उठून टीव्ही बंद करायची आणि माझ्याकडे बघत राहायची. मी पुन्हा लावायचो. एकदा भाग्यश्री बर्फ मागायला खाली आली. दारातच थांबली. "काका, अप्पांनी तुमालाच इचारलं होतं ना?"

"विचारलं असावं," मी म्हणालो. "नीट आठवत नाही."

ती बर्फ घेऊन वर गेली.

पुढच्या वर्षी अप्पा तिला कायमची घरी घेऊन गेले. तोवर तिचा डावा कान गेला होता. भाडेकरू बदली घेऊन दुसरीकडे गेला. अप्पा मला एका शब्दानं बोलले नाहीत. उलट म्हणाले, "तुमी तरी काय करनार सर? माणसाच्या पोटात शिरून बघता येतं का?"

मागच्या महिन्यात रेणापूरला गेलो. सांगायचं ठरवूनच. दुकानात भाग्यश्री एकटी बसली होती, डावी बाजू रस्त्याकडे करून. गिऱ्हाईक वळसा घालून उजवीकडे जायचं, तेव्हा तिला ऐकू यायचं. हे मी समोरून बराच वेळ उभा राहून पाहिलं. मग रस्ता ओलांडला आणि तिच्या डावीकडे उभा राहिलो. चुकून नाही.

"मी पाहिलं होतं," हळूच म्हणालो. "त्याला, आईला मारताना. अप्पा आले तेव्हा मला माहीत होतं."

तिनं सहज मान वळवली आणि दचकली. "अगं बाई, काका! कवा आलात? काय म्हनलात?"

"काही नाही," मी म्हणालो. "अर्धा किलो शेंगदाणे दे."

तिनं तोलले. वर एक मूठ जास्तीची घातली. मी पिशवी पुढे धरली.